अरे, आवाज कुणाचा?

रात्री साडेअकराला फोन वाजला की माझ्या पोटात गोळाच येतो. फ्रीलान्सरला त्या वेळी फोन येतो तो एक तर संपादकाचा (‘उद्याचं पान रिकामं आहे, काही आहे का गं?’), नाही तर घरून काही तरी गडबड झाल्याचा. गेल्या जुलैत असाच फोन आला तो मावशीच्या धाकटीचा. सांगलीची मुलगी, पुण्यात हॉस्टेलला, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, कॉम्प्युटर ब्रँच.

‘ताई, जागी आहेस ना? माझं ब्रँडिंग करून दे.’

‘कशाचं?’

‘माझं गं! माझं स्वतःचं. एक तारखेच्या आत पाहिजे.’

झालं होतं असं की, कॉलेजातल्या प्लेसमेंटवाल्यांनी पोरांना हॉलमध्ये बसवून दोन तास सुनावलं होतं. प्रत्येकाची लिंक्डइन प्रोफाइल चकाचक पाहिजे, ब्लेझरमधला फोटो पाहिजे, पाचशे कनेक्शन्स पाहिजेत. नुसते मार्क घेऊन कुणी विचारत नाही, ‘यू आर अ ब्रँड’. कॉलेजचं नाव विचारू नका, सगळीकडे हाच सीन आहे. धाकटीच्या हॉस्टेलात एकच ब्लेझर होता. तो त्या आठवड्यात अकरा मुलींनी घातला!

तिच्या प्रोफाइलवर तेव्हा एकच शब्द होता, ‘स्टुडंट’. आणि तिच्याच वर्गातल्या एका मुलाच्या प्रोफाइलवर? ‘व्हिजनरी, टेक एन्थुझिॲस्ट, चेंजमेकर, फ्यूचर लीडर’. मी विचारलं, कोण गं हा? तर म्हणाली, ‘माझी जर्नल्स कॉपी करतो तो.’

आता इथे मला एक कबुली द्यायला हवी. दर आठवड्याला या पानावर जे लिहिते त्यावर माझं घर चालत नाही. माझं घरभाडं निघतं ते दुसऱ्यांच्या नावाने लिहून. तीन-चार कंपन्यांचे मोठे साहेब माझे गिऱ्हाईक आहेत. महिन्याला प्रत्येकी आठ पोस्ट्स. ‘आज पहाटे टेकडीवर धावताना मला लीडरशिपबद्दल एक गोष्ट उमगली...’ असली पोस्ट तुम्ही ऑफिसला जाताना कधी तरी वाचलीच असेल. साहेब टेकडीवर नव्हते. धावत तर अजिबातच नव्हते. आणि मला जे काही उमगलं ते पांघरुणात, रात्री दीडला, बिल पाठवायच्या घाईत.

तर मी धाकटीचं ब्रँडिंग करून दिलं. एका तासात, सांगलीच्या भडंगाच्या दोन पाकिटांवर. विचारलं, ‘काय काय केलंयस सांग.’ ती म्हणाली, ‘थर्ड इयरला मिनी प्रोजेक्ट केला. हळदीचे बाजारभाव दाखवणारं ॲप. चौघं होतो. मी डेटाबेस केला, रिपोर्ट आणि पीपीटी केली.’ बस्स, एवढं पुरे होतं मला. लेखणीच्या एका फटकाऱ्यात ती टीमची लीडर झाली, ॲप शेतकऱ्यांचं जगणं बदलू लागलं आणि ‘ग्रामीण भारत’ हा शब्द दोनदा आला. प्रत्यक्षात ते ॲप बघितलेला एकमेव शेतकरी म्हणजे तिचे काका. ते म्हणाले होते, ‘भाव तर मला अडत्या फोनवर सांगतोय की.’ पी हळद आणि हो गोरी म्हणतात, त्यातला प्रकार. पोस्टला चारशे बारा लाइक्स आले. धाकटी खूश, मावशी खूश, मी भडंग खात होते.

हे ‘ब्रँड’ प्रकरण आलं कुठून, हे मला मास कॉमला शिकवलं होतं, पण तेव्हा मी मागच्या बाकावर बसून सिनेमाच्या गप्पा मारत होते. नंतर वाचलं. ऑगस्ट १९९७मध्ये ‘फास्ट कंपनी’ या अमेरिकन मासिकात टॉम पीटर्स यांचा एक लेख आला, ‘द ब्रँड कॉल्ड यू’. पीटर्स म्हणजे मॅनेजमेंटच्या दुनियेतलं बडं प्रस्थ. रॉबर्ट वॉटरमन यांच्यासोबत त्यांनी लिहिलेलं १९८२चं ‘इन सर्च ऑफ एक्सलन्स’ धो धो खपलं होतं. लेखात त्यांचा फंडा सोपा होता. बुटांना, शीतपेयांना ब्रँड असतो, तसा तुम्हालाही आहे. तुम्ही तुमच्याच कंपनीचे सीईओ आहात. हे सगळं ते कुणाला सांगत होते? नोकरी करणाऱ्यांना. अमेरिकेत ऐंशी-नव्वदच्या दशकांत मोठमोठ्या कंपन्यांनी दणादण माणसं कमी केली. एकाच कंपनीत चिकटून रिटायर होण्याचे दिवस संपले होते. अशा माणसाला पीटर्स सांगत होते की, बाबा रे, कंपनीचं नाव उद्या तुझ्या मागे नसेल, तेव्हा स्वतःचं नाव असू दे. म्हणजे ज्याच्या गाठीला दहा-पंधरा वर्षांचं काम आहे, त्याला दिलेला तो सल्ला होता. काम होतं, त्यावर नाव टाकायचं होतं.

मग २००३मध्ये लिंक्डइन सुरू झालं, तेही नोकरदारांसाठीच. २०१३मध्ये त्यांनी कॉलेजांसाठी वेगळी पानं काढली आणि अठराच्या आतल्या मुलांनाही दार उघडून दिलं. आज सोळा वर्षांचा मुलगा तिथे प्रोफाइल काढू शकतो. सोळाव्या वर्षी मी वहीच्या मागच्या पानावर सह्या गिरवत होते. अर्थात त्यालाही पर्सनल ब्रँडिंग म्हणता येईलच!

ब्रँड या शब्दाचं मूळ जळण्यात, डागण्यात आहे. गुरांच्या अंगावर तापलेल्या लोखंडाने मालकाची खूण उठवायची, तो ब्रँड. आपल्याकडे त्याला डाग देणं म्हणतात. आणि मराठीत डाग म्हणजे आणखी काय, ते तुम्हाला माहीत आहेच.

माझा डाग सांगते. २०१७, मी कॉलेजात सेकंड इयरला. अप्पा बळवंत चौकात जाऊन दोनशे व्हिजिटिंग कार्डं छापून घेतली. मॅट फिनिश, गोल कोपरे, जाम भारी. नावाखाली ‘फिल्म क्रिटिक अँड स्टोरीटेलर’. पुढच्या जानेवारीत ‘पिफ’ला, म्हणजे आपल्या पुणे फिल्म फेस्टिव्हलला, चहाच्या रांगेत एक ज्येष्ठ समीक्षक उभे होते. मी कार्ड पुढे केलं. त्यांनी ते नीट वाचलं. उलटून पाहिलं. मग अगदी मनापासून विचारलं, ‘अरे वा! कुठे वाचायला मिळेल तुमचं?’

कुठेच नाही. मी तोपर्यंत एकही परीक्षण लिहून पूर्ण केलेलं नव्हतं. त्यांनी टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, पण त्यांना खरंच वाचायचं होतं हो! मी ‘देते ना सर, पाठवते’ असं काही तरी पुटपुटून चहा न घेताच सटकले. उरलेली एकशे नव्वद कार्डं आईने ताब्यात घेतली. मागची बाजू कोरी होती ना. आजही आमच्याकडे इस्त्रीवाल्याचा हिशेब फिल्म क्रिटिकच्या पाठीवर लिहिला जातो. पाच शर्ट, दोन साड्या.

एवढं होऊनही मी धाकटीला तेच कार्ड छापून दिलं. फक्त या वेळी कागद नव्हता.

सप्टेंबरात एक मोठी कंपनी कॅम्पसला आली. आता हे लक्षात घ्या की, पहिल्या फेरीत प्रोफाइल-बिफाइल कुणी बघत नाही. बऱ्याच मोठ्या कंपन्यांची चाळणी साधी असते. दहावी, बारावी, डिग्री, तिन्हीकडे साठ टक्के आहेत का? मग ऑनलाइन टेस्ट. तिथे ॲप्टिट्यूड आणि कोडिंग. ब्लेझरचा फोटो त्या चाळणीच्या वरही येत नाही, खालीही नाही. हजार पोरांतून शंभर करायची असतात, त्याला मशीन पुरतं. प्रोफाइल उघडली जाते ती नंतर, समोरासमोर बसल्यावर. म्हणजे जिथे ती खरी आहे की नाही हे लगेच कळतं, नेमकी तिथेच.

धाकटी चाळणीतून छान पार झाली. टेक्निकल राउंडला एक मॅडम होत्या. त्यांच्यासमोर तिची प्रोफाइल उघडलेली. ‘हे हळदीचं ॲप. भाव कुठून घेता? किती वेळाने अपडेट होतात? बाजार बंद असेल त्या दिवशी काय दिसतं?’ धाकटीला यातलं काही सांगता येईना. कारण भाव कुठूनच येत नव्हते. सबमिशनच्या आदल्या रात्री चौघांनी बसून ते हाताने टाइप केले होते. मॅडम म्हणाल्या, ‘तुम्ही लीड केलंत ना?’ ती गप्प. मग मॅडम हसल्या म्हणे. चिडल्या नाहीत, हसल्या. ‘सकाळपासून या ॲपचे तुम्ही तिसऱ्या लीडर आहात.’

हे मला धाकटीने सांगितलं नाही, तिने चार दिवस फोनच उचलला नाही. मावशीने सांगितलं. मावशी माझ्यावर कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशीही चढवला नाही. एवढंच म्हणाली, ‘काय लिहिलं होतंस गं तू तिचं? ती म्हणते, मी खोटारडी दिसले.’ तीच मुलगी प्रामाणिकपणे ‘डेटाबेस मी केला’ एवढंच सांगून अर्धा तास नीट बोलली असती. तिला ते येत होतं. मी लिहिलेल्या वाक्याच्या ओझ्याखाली तिला येत होतं तेही विसरायला झालं. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा ही म्हण आपण हसत हसत वापरतो, पण सोनुबाई हे नाव तिचं तिने ठेवलेलं नसतं, हे मला त्या आठवड्यात पहिल्यांदा जाणवलं.

आणि खोटं कशाला बोलू, त्याच कंपनीत तो ‘व्हिजनरी, चेंजमेकर’ सिलेक्ट झाला. बॅचमधलं सगळ्यात भारी पॅकेज! त्याला बोलता येतं, बेधडक येतं. ब्रँडिंगवाल्यांचं सगळंच चुकतं असं म्हणायची सोय त्याने माझ्यासाठी ठेवलेली नाही.

माझ्या बॅचचा एक मित्र आहे. कॉलेजात असताना त्याचं नाव कुठल्याच पोस्टरवर नव्हतं. पण तो तिन्ही वर्षं पुरुषोत्तमला होता. पुरुषोत्तम करंडक म्हणजे काय हे पुण्याबाहेरच्यांसाठी सांगते. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३पासून कॉलेजांसाठी ही एकांकिका स्पर्धा घेते. भरत नाट्य मंदिरात पोरं खच्चून भरतात आणि पडदा उघडायच्या आधी आरोळी उठते, ‘अरे, आवाज कुणाचा?’ उत्तरात शंभर-दीडशे घसे आपापल्या कॉलेजचं नाव घेऊन फाटतात. माझा हा मित्र त्या वेळी विंगेत असायचा. लेव्हल्स उचल, प्रॉपर्टी लाव, कुणाचा चष्मा राहिला, कुणाला उलटी होतेय, सगळं तोच बघायचा. एंट्रीआधी थरथरणाऱ्या ज्युनिअरच्या पाठीवर त्याचा हात असायचा. दुसऱ्या वर्षी तर दुसऱ्याच कॉलेजच्या मुलांनी, म्हणजे आमच्या दुश्मनांनी, अडचणीत त्याला हाक मारली आणि हा गेला. आमच्याकडून बोलणी खाल्ली त्याने! आज तो व्यावसायिक नाटकांचं मॅनेजमेंट सांभाळतो. पहिलं काम कसं मिळालं विचारलं तर म्हणतो, ‘कुणी तरी कुणाला तरी म्हणालं, त्याला बोलाव, तो असला की टेन्शन नसतं.’ त्याच्याकडे कार्ड तर सोडाच, अजून धड बायोडेटा नाही.

याच ‘कुणी तरी कुणाला तरी’वर एका समाजशास्त्रज्ञाने अख्खं संशोधन केलंय. अमेरिकेतल्या मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा १९७३चा निबंध आहे. बॉस्टनजवळच्या एका उपनगरात ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यांनी विचारलं, ज्याने तुम्हाला ही नोकरी सुचवली तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा? वरचेवर भेटणारे निघाले जेमतेम १७ टक्के. अधूनमधून भेटणारे ५६ टक्के. आणि क्वचितच भेटणारे २८ टक्के! कारण साधं आहे. जिवलग दोस्तांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. नवी खबर लांबचा माणूस आणतो. २०२२मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनच्याच दोन कोटींहून जास्त लोकांवरचा अभ्यास आला. त्यातही फार जवळच्या किंवा अगदीच अनोळखी नव्हे, तर मधल्या, थोड्या सैल ओळखीच नोकरी बदलताना जास्त कामी आल्या असं दिसलं.

पण हा सैल ओळखीचा माणूस तुमच्याबद्दल नेमकं काय सांगणार? ‘त्याचे पाचशे कनेक्शन्स आहेत’ असं? त्याला एखादी लहानशी, खरी, लक्षात राहणारी गोष्ट लागते. एका वाक्याची.

तुम्हालाही येतात ना रोज ते मेसेज? ‘हॅलो सर, आय ॲम हायली पॅशनेट, प्लीज रेफर मी.’ रेफरल द्यायला हरकत काहीच नाही, पण आपण रेफर करताना लिहायचं काय, मुलगा पॅशनेट आहे? मला येणाऱ्या मेसेजेसपैकी ज्यांना मी उत्तर दिलं ते सगळे तीन ओळींचे होते. मी हे लिहिलंय, इथे वाचता येईल, यातला हा भाग मला जमत नाहीये. तिसऱ्या ओळीला मी दरवेळी विरघळते. हल्ली ती ओळच दिसत नाही. चॅटजीपीटी आल्यापासून माझा धंदा फुकटात झालाय आणि सगळी पोरं एकाच आवाजात ‘थ्रिल्ड टू अनाउन्स’ करतायत.

ऑक्टोबरात एका रविवारी मी धाकटीला फर्ग्युसन रोडवर डोसा खायला नेलं. माफी मागायला, असं स्पष्टच सांगते. ती आली, डोसा खाल्ला, प्रोफाइलबद्दल चकार शब्द नाही. तिच्या फोनवर मात्र सारखे मेसेज येत होते. ‘कोण आहे गं?’ तर म्हणाली, फर्स्ट इयर, सेकंड इयरची पोरं. लिंक्ड लिस्ट विचारतायत.

लिंक्डइन नव्हे, लिंक्ड लिस्ट! डेटा स्ट्रक्चर्समधला धडा. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून इंजिनीअरिंगला आलं की पहिल्या वर्षी काय होतं, ते धाकटीने भोगलं होतं. पोरं हुशार असतात, पण सर इंग्रजीत सुसाट सुटले की अर्धा तास डोक्यावरून पाणी. ती स्वतः दोन विषयांत लटकली होती. मग तिने स्वतःसाठी मराठीत नोट्स काढल्या. हाताने, चौकडीच्या वहीत, आकृत्या काढून. रूममेटने फोटो काढून मागितले. मग तिच्या गावच्या मुलीने. दोन वर्षांत त्या नोट्स कुठे कुठे गेल्या हे तिलाही माहीत नव्हतं.

‘दाखव ना,’ म्हटलं. तिने फोनवर पान उघडून दिलं. वर लिहिलं होतं, लिंक्ड लिस्ट म्हणजे सदाशिव पेठेत पत्ता विचारणं. कुणालाच पूर्ण पत्ता माहीत नसतो (माहीत असला तरी सांगत नाहीत). पहिला दुकानदार म्हणतो, पुढच्या चौकात विचारा. तिथला म्हणतो, मारुतीशेजारी विचारा. प्रत्येकाकडे फक्त पुढच्याचा पत्ता. पन्नासाव्या घरी जायचं तर एकोणपन्नास जणांचं तोंड बघावं लागतं, मधूनच उडी मारता येत नाही. आणि जो म्हणेल ‘इथून पुढे काही नाही’, तो नल. मध्येच एक नवीन दुकान घालायचं असेल तर अख्खी पेठ हलवायला लागत नाही, फक्त अलीकडच्याने सांगायचा पत्ता बदलायचा.

मी मास कॉमवाली, मला लिंक्ड लिस्ट कळली हो! पहिल्यांदा आयुष्यात कॉम्प्युटरमधलं काही तरी कळलं. म्हटलं, ‘अगं बाई, हे का नाही सांगितलंस मला जुलैत?’

ती खरंच गोंधळली. ‘यात काय सांगायचं? हा काय प्रोजेक्ट आहे का? आणि मराठीत आहे.’

मराठीत आहे! म्हणजे ब्लेझर घातला नाही म्हणून फोटो चालत नाही, तसं. मला हे ऐकून राग आला, पण तिचा नाही. मी तिला ‘काय केलंयस’ विचारलं होतं तेव्हा माझ्या विचारण्यातच प्रोजेक्ट, लीडरशिप, इम्पॅक्ट असे तीन कप्पे होते. वही त्यात बसत नव्हती, म्हणून तिने ती काढलीच नाही.

मला लिनस टॉरवाल्ड्सची गोष्ट माहीत होती, मी तिला सांगितली. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात शिकणारा एकवीस वर्षांचा मुलगा. ऑगस्ट १९९१मध्ये त्याने इंटरनेटवरच्या एका चर्चागटात लिहिलं की, मी एक ऑपरेटिंग सिस्टिम करतोय, नुसता छंद म्हणून, फार मोठं काही होणार नाही, तुम्हाला काय हवं-नको ते सांगा. तीच पुढे लिनक्स झाली. आज तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटात तोच गाभा आहे. आणि गंमत म्हणजे ‘लिनक्स’ हे नाव त्याने ठेवलंच नाही. स्वतःच्या नावावरून नाव म्हणजे फारच मिरवणं होईल, असं त्याला वाटत होतं. त्याला ‘फ्रीक्स’ ठेवायचं होतं. फाइल्स सर्व्हरवर चढवणाऱ्या आरी लेम्के नावाच्या माणसाने परस्पर फोल्डरला ‘लिनक्स’ नाव देऊन टाकलं!

धाकटी म्हणाली, ‘हो, आणि गिट पण त्यानेच केलं, २००५ला.’ आता ती रंगात आली. गिटमध्ये म्हणे एक कमांड आहे, तिचं नावच ‘ब्लेम’. ती चालवली की कोडची कुठली ओळ कुणी, कधी लिहिली ते सगळं बाहेर येतं. मग म्हणाली, ‘आमचा हळदीचा प्रोजेक्ट आम्ही पेन ड्राइव्हवर ठेवला होता.’ आणि त्या प्रकरणावर पहिल्यांदा हसली. मीही हसले, पण जपून.

त्या रात्री तिने प्रोफाइल स्वतः लिहिली. मी फक्त शुद्धलेखन बघितलं. हळदीपुढे आता लिहिलंय, ‘चौघांचा प्रोजेक्ट. मी डेटाबेस आणि रिपोर्ट केला. भाव हाताने भरले होते.’ खाली वहीची बारा पानं, स्कॅन केलेली. लाइक्स आले एकोणतीस.

आणि डिसेंबरात तिला एक मेसेज आला. तिच्या एका ज्युनिअरच्या रूममेटचा भाऊ. बघा, किती सैल ओळख! बाणेरमधल्या चाळीसेक माणसांच्या एका कंपनीत कामाला. त्याच्या बहिणीचं सदाशिव पेठेमुळे डेटा स्ट्रक्चर्स सुटलं होतं. ‘ते नोट्स तुम्हीच लिहिलेत का? आमच्याकडे इंटर्न हवाय.’

इंटरव्ह्यू घेणारे सर साताऱ्याचे निघाले. त्यांनी वही बघितली होती. म्हणाले, सिंगली लिंक्ड लिस्ट समजली, डबली कशी समजवशील? हे वहीत नव्हतं. धाकटी क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘सर, सिंगली म्हणजे पुणं, डबली म्हणजे आमची सांगली. पुढचा पत्ता तर सांगतातच, पण त्याआधी विचारतात, तू कुणाची? म्हणजे मागचाही पत्ता ठेवतात.’ सर इतके हसले की बाहेरून कुणी तरी डोकावून गेलं. मग त्यांनी पाऊण तास तिला पिळून काढलं. एका प्रश्नाला तिने ‘हे मला येत नाही’ म्हटलं. तो हळदीबद्दलचा नव्हता, हळदीबद्दल त्यांनी विचारलंच नाही.

सध्या ती तिथे इंटर्न आहे. स्टायपेंडमधून मेस आणि बसचा पास निघतो. पर्मनंट करायचं की नाही ते जूनमध्ये ठरेल. चेंजमेकरचं पॅकेज तिच्या तिप्पट आहे आणि मावशी दर फोनला मला ते आठवण करून देते.

ज्युनिअर पोरं अजून तिला ‘पेठवाली ताई’ म्हणतात. सांगलीच्या मुलीला पेठवाली! तिला ते अजिबात आवडत नाही.

परवा तिनेच विचारलं, ‘ताई, तुझ्या प्रोफाइलवर अजून स्टोरीटेलर का आहे गं?’ मी विषय बदलला. रात्री गुपचूप काढून टाकलं. त्या जागी काय लिहायचं ते सुचेना, तेव्हा ‘पुणे’ एवढंच ठेवून झोपले. पहाटे साडेपाचला फोन वाजला. पोटात गोळा. साहेबांचा व्हॉट्सॲप: ‘आजच्या पोस्टचं काय झालं? धावण्यावरची घेऊ.’

मी पांघरुणातूनच लिहिलं, ‘सर, आज धावलात का?’

दोन निळ्या टिका आल्या आहेत. उत्तर अजून नाही.